आजीच्या पायाची गोष्ट

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं तर कालच सांगितलं असतं. दादाला हे छापून तुमच्या हातात द्यायला सांगितलंय. आई, चष्मा लावून तूच वाच, बाबांना जवळ बसवून घे. दादानं वाचून दाखवायला नको.

येत्या शुक्रवारी माझी फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे पीएच्या, कोर्सची मुलाखत आहे. बाबा, तुम्ही मागं विचारलं होतं, "म्हंजे कंपाउंडर काय?" तेव्हा घाईत होते, आता नीट सांगते. पीए रुग्ण तपासतो, निदान करतो, औषध लिहून देतो, ऑपरेशनला सर्जनच्या मदतीला उभा राहतो. हे सगळं डॉक्टरांच्या जोडीनं. साधारण सव्वादोन वर्षांचा अभ्यास, मग देशभराची एक परीक्षा, मग लायसन. इथं अमेरिकेत मी राहते त्या डरहॅममध्येच, ड्यूक विद्यापीठात, १९६५ साली याची पहिली तुकडी सुरू झाली. विद्यार्थी चारच, नौदलात वैद्यकीय काम करून आलेले. जखमा बांधण्यात हात बसलेला, पण नोकरी सुटल्यावर त्या हातांना बाहेर जागा नाही, आणि इकडं डॉक्टर अपुरे. डॉ. यूजीन स्टेड यांनी या दोन्हींची गाठ घातली. हे वाचलं तेव्हा मला आपल्या गल्लीतले सुभेदारकाका आठवले. आर्मीत नर्सिंग असिस्टंट होते. पेन्शनीत आल्यावर अख्ख्या वाडीचं ड्रेसिंग त्यांच्याच पडवीत व्हायचं. आजीच्या पायाचंसुद्धा.

दोन महिने मी मुलाखतीची तयारी करतेय. सोबतची एक नर्स रोज डबा खाताना मला प्रश्न विचारते. पीएच का, डॉक्टर का नाही, नर्स का नाही? डॉक्टरांशी मत जुळलं नाही तर काय करशील? पहिल्या आठवड्यात मी उत्तरं पाठ केली, शाळेत निबंध पाठ करायचो तशी. ती म्हणाली, तू बोलत नाहीस, वाचतेस. मग उत्तरं सोडली आणि आठवणी लिहायला घेतल्या. कुठला रुग्ण, काय झालं, मी काय केलं, त्यातनं काय शिकले. त्यातही एक अडचण. मी प्रत्येक वाक्यात "आम्ही" म्हणते. आपल्याकडं "मी केलं" म्हणणं बरं दिसत नाही ना. पण समोरच्याला मी काय केलं तेच ऐकायचं असतं. ही सवय मोडायला मला अभ्यासापेक्षा जास्त त्रास झाला.

काही कॉलेजांत मुलाखतीची तऱ्हाच वेगळी. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात निघालेली ही पद्धत. ओळीनं खोल्या असतात, दारावर एक प्रसंग लिहिलेला. दोनेक मिनिटं वाचायचा, आत जाऊन पाच-सात मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढची खोली. बरोबर उत्तर असं नसतं. तुम्ही कुणाकुणाचा विचार करता ते बघतात.

गेल्या मंगळवारी मैत्रिणीनं मला असाच एक प्रसंग दिला. आईला इंग्रजी येत नाही, बारा वर्षांचा मुलगा दुभाषा म्हणून सोबत आलाय, आणि तुम्हाला वाईट बातमी सांगायची आहे. काय कराल?

उत्तर मला माहीत होतं. इथं सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना फुकट दुभाषा द्यावा लागतो, २०१० च्या आरोग्य कायद्यात तसं कलमच आहे. जीवावरची वेळ सोडली तर लहान मुलाकडून भाषांतर करून घ्यायचं नाही. हे सगळं येत असून माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाही. वेळ संपली.

बाबा, आता खरं सांगते. मी नववीत होते. आषाढ होता, आपली रोप लावण अर्धी राहिली होती. आजीला घेऊन आपण तिघं जांबोटीहून सकाळच्या गाडीनं बेळगावला गेलो. किणये येईस्तोवर आजी मला दोनदा म्हणाली, "ॲडमिट करतो म्हणाले तर मला परत घेऊन चल गं." दवाखान्यात तुम्ही बिलाच्या रांगेत होता. आत मी आणि आजी. डॉक्टर कन्नड बोलणारे, आजीला ओ की ठो कळेना, आणि शाळेत कन्नड शिकलेली मी एकटी.

डॉक्टर म्हणाले, "इवत्त ॲडमिट माड्री, इल्लंदर बेरळ तेगीबेकागतैति." आजच भरती करा, नाहीतर बोट काढावं लागेल.

आजीनं विचारलं, "काय म्हणुलालाय गं डाक्टर?"

मी म्हणाले, "ड्रेसिंग करत रहा म्हणतायत. बरं होईल."

तुम्हालाही तेच सांगितलं. चिठ्ठीवर त्यांनी इंग्रजीत भरती करायला लिहिलं होतं. ती चिठ्ठी मी भूगोलाच्या वहीत ठेवली आणि तुम्हाला औषधांची तेवढी दिली. सोसायटीचं कर्ज खताला गेलेलं मला ठाऊक होतं, आजीचा चेहरा समोर होता, आणि मला वाटलं खरंच बरं होईल. साखरेच्या आजारात पायाची जाणीव जाते, जखम आत चरत जाते आणि दुखत मात्र नाही, हे मला फार पुढं शिकताना कळलं. आजी "दुखत नाही" म्हणायची तेव्हा मला हायसं वाटायचं. अठरा दिवसांनी ताप भरला, आणि बोटाच्या जागी गुडघ्याखालचा पाय गेला.

तेव्हापासून आजीचा विषय निघाला की तुम्ही म्हणता, "मीच उशीर केला, लावण बघत बसलो." आजीच्या दिवसकार्यालाही म्हणालात, गेल्या दिवाळीत फोनवरही म्हणालात. दर वेळी मी गप्प बसले. बाबा, तुम्ही उशीर केला नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी मला नक्की विचारतील, आयुष्यात कुठं चुकलात? माझ्याकडं दुसरी एक गोष्ट तयार आहे, रक्ताच्या नळीवर चुकीचं लेबल लावलं होतं आणि वेळेत लक्षात आलं. ती चालेल. पण पीए का व्हायचंय याचं माझं खरं उत्तर बेळगावच्या त्या डॉक्टरांच्या खोलीत आहे. कुणाच्या तरी नातीच्या जागी तिथं नीट शिकलेलं मोठं माणूस असायला हवं होतं. ते परक्यांना सांगायचं तर आधी तुम्हाला सांगायला हवं. आणि आजी तुमची आई होती, म्हणून तुमची परवानगीही हवी.

मुलाखत सकाळी नऊला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेसहाला. गुरुवारी मी तुमच्या सकाळी फोन करेन. रागावलात तरी चालेल, नको म्हणालात तर लेबलाची गोष्ट सांगेन. आई, त्या दिवशी फोन बाबांच्याच हातात दे.

भूगोलाची वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल. चिठ्ठी अजून आत असावी.

तुमची,
धाकटी