विडी घरकुलातल्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

हे पत्र तुम्हाला नात वाचून दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, "एवढं काय लिहायचं असतंय गं त्यात!" पण यंदा हळदीकुंकवाला मी वाण म्हणून रसभरी, ती कागदी पिशवीतली पिवळी फळं, लुटली. ज्या बाईनं टरफल सोलून फळ तोंडात टाकलं, तिनं पहिलं हेच विचारलं की सोलापुरात ही येते तरी कशी. विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एक अक्का आहेत, त्यांनी शिकवलं, एवढं सांगून मी चहा टाकायला आत गेले. ते उत्तर फारच तोकडं होतं. म्हणून सगळ्यांसमोर नीट लिहिते.

बी विकत आणायचं नसतं, हे तुमच्याकडूनच कळलं. लक्ष्मी मंडईतून आणलेल्या पिकल्या रसभरीतली चार फळं तुम्ही वाटीभर पाण्यात कुस्करली आणि तशीच ठेवून दिली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गर वर तरंगत होता आणि बी तळाला बसलं होतं. ते चहाच्या गाळणीत धुतलं, स्टीलच्या ताटलीत सावलीला वाळवलं. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं, म्हणून ताटली. मी बियांची विकतची पाकिटं आणली तेव्हा तुम्ही हसला नाहीत, याचे वेगळे आभार.

ताटलीच का, सूप का नाही, हेही मी विचारलं होतं. घरात एवढी चांगली सुपं असताना! तेव्हा तुम्ही म्हणालात, "तंबाखूचं सूप रोपाला, बियाला लावायचं नाही. हातसुद्धा साबणानं धुवायचा." जन्मभर विड्या वळलेल्या बाईनं हे स्वतःच्या मिरच्यांवर बघून ठरवलेलं होतं. मी नंतर वाचत गेले तेव्हा उलगडा झाला. तंबाखू, मिरची, वांगं, टोमॅटो, बटाटा, रसभरी हे सगळं एकाच कुळातलं. तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे डाग पाडणारा जो विषाणू आहे, तो वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हातावरून रोपावर जातो. विषाणू म्हणजे काय हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते याच रोगावरून, १८९८ च्या सुमारास हॉलंडमध्ये. तुमच्या घरात मात्र त्याचं नावगाव न विचारता हात धुतले जात होते. आमच्या घरातही आता गुटखा-तंबाखू खाणाऱ्याला गच्चीवर रोपांना हात लावू देत नाही. दिरांना राग येतो, येऊ दे.

याच कुळामुळे वांग्याची जुनी माती रसभरीला द्यायची नाही, हेही तुम्ही बजावलंत. एकाचे रोग, मुळांच्या गाठी, दुसऱ्याला होतात. आपली काळी माती एकटी वापरली तर कुंडीत दगड होते. तिच्यात वाळू आणि चाळलेलं जुनं शेणखत घालायचं, पण शेणखताचा हात आखडता ठेवायचा. खत जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं आणि फूल धरत नाही.

आणि वेळ. खरे आभार याचेच मानायचे आहेत. पाकिटांवर छापलेले महिने कुठल्या थंड मुलखातले असतात कोण जाणे. रसभरी मूळची पेरूकडच्या डोंगरातली, तिला आपला चाळिशीच्या वरचा उन्हाळा कसा मानवणार? होळीनंतर पेरायला निघालेल्या मला तुम्ही थांबवलंत. "गडबड करू नको. मृग लागू दे." बी वाळूत मिसळून मातीवर भुरभुरायचं, वर अर्धा सेंटिमीटरसुद्धा माती नको. दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही, त्यात घाबरून पाण्याचा मारा करायचा नाही. रोपांच्या माना जमिनीपाशी मोडतात त्या जास्त ओलीनं. चार-पाच पानं झाली की बादलीत हलवायची. दसऱ्याच्या आसपास ती पिवळी, पोटात तपकिरी ठिपके असलेली फुलं आली, आणि संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली तेव्हा फळं गळायला लागली होती. नळाला पाणी रोज येत नसलं तरी भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर ही झाडं निभावली. पानं आकसली, खाली पांढरी माशी दिसली, तेव्हा निंबोळी अर्क फवारला. बोकड्या होऊन पानं चुरडलेलं एक रोप मात्र तुम्ही सांगितलंत तसं सरळ उपटून टाकलं.

आता पोरांची गोष्ट. पडीक प्लॉटवरून माझ्या धाकट्यानं मूठभर फळं आणली होती, तीच कागदी पिशवी, आत लालभडक मणी. तुम्ही त्याच्या हातातून ती काढून घेतलीत. ती अश्वगंधा होती. तिची फळं पानाच्या बेचक्यात झुबक्यानं बसतात, झाड राखी-केसाळ दिसतं. रसभरीची रानातली बहीण चिरबोटी मात्र एकेक सुटी, देठाला लोंबते. चिरबोटी काय, रसभरी काय, हिरवी कच्ची खायची नाही. पिशवी वाळून कागदासारखी झाली आणि फळ आपण होऊन पडलं की मगच. हे तुम्ही त्याला तिथंच, फूटपाथवर बसून, चार वेळा म्हणायला लावलंत. तो आता इतर पोरांना शिकवतो, तुमच्याच आवाजात.

टोमॅटिलो तुम्ही कधी पाहिला नव्हता. मेक्सिकोतलं हे भावंड मी हौसेनं लावलं, एकच झाड, फुलांनी लगडलेलं आणि फळ एकही नाही. तुम्ही बघून म्हणालात, "एकटंच का ठेवलंयस? जोडीला अजून लाव की." पुढे वाचलं तर तेच खरं. या झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत, शेजारी दुसरं हवंच. दुसरं रोप फुलल्यावर पिशव्या भरायला लागल्या. रसभरीचा नियम याला लागू नाही, हा हिरवा असतानाच, पिशवी फाटायला आली की काढतात. फळावरचा चिकटा धुऊन, तव्यावर मिरच्यांबरोबर भाजून, शेंगदाणे घालून तुम्ही जी पच्चडी केलीत, ती भाकरीबरोबर खाऊन सासऱ्यांनी टोमॅटोची चटणी मागायचं बंद केलं आहे.

सोबत दोन पुड्या पाठवते, तुमच्या पद्धतीनं धुऊन वाळवलेल्या. छोटी रसभरीची. मोठी टोमॅटिलोची, त्यातली निदान दोन-तीन रोपं तरी जगवा. बाकीचं बी शेजारणींना वाटा, आणि मृगापर्यंत कुणाला पेरू देऊ नका.

तुमची,
सूनबाईची शाळेतली मैत्रीण
जुळे सोलापूर