वायू उडाला, तारे राहिले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड संचांच्या) दाट समूहांत नवे तारे जन्मायचे का थांबतात, हे सांगताना ‘गर्दीत दीर्घिका एकमेकींवर आदळतात’ एवढ्यावर विषय आटोपला जातो. हे कारण तिथे फारसे लागू पडत नाही. मोठ्या समूहात दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने फिरतात, म्हणजे मुंबईहून दिल्ली सव्वा सेकंदात. इतक्या घाईत दोघी शेजारून गेल्या तरी एकमेकींत मिसळायला उसंत मिळत नाही. मिसळणे घडते ते लहान गटांत. तिथे वेग कमी असतो.

समूहात काम करतो तो दीर्घिकांच्या मधल्या जागेत भरलेला, कोट्यवधी अंश तापलेला वायू. तो अतिविरळ, लिटरच्या बाटलीत जेमतेम एखादा कण. पण त्यातून धावणाऱ्या दीर्घिकेला तो समोरच्या वाऱ्यासारखा लागतो. या वाऱ्याचा दाब वायूच्या घनतेच्या पटीत आणि दीर्घिकेच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ साली मांडलेला हिशेब असा : हा दाब दीर्घिकेच्या चपट्या तबकडीच्या गुरुत्वाच्या पकडीहून जास्त झाला, की तिचा स्वतःचा वायू, म्हणजे नव्या ताऱ्यांचा कच्चा माल, सुटतो. कडेला पकड ढिली असते, म्हणून सोलवटणे बाहेरून आत सरकते. खळ्यावरच्या उफणणीत भूस उडते नि दाणे खाली राहतात, तसे तारे मात्र जागच्या जागी.

टक्कर की वारा, हे ओळखायची खूणही यातच आहे. टकरीत ताऱ्यांची तबकडीही वेडीवाकडी होते. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या कन्या दीर्घिकासमूहातली एनजीसी ४५२२ ही दीर्घिका पाहा. ताऱ्यांची तबकडी शाबूत, पण केंद्रापासून १० हजार प्रकाशवर्षांपलीकडे तबकडीत हायड्रोजन जवळपास नाही, आणि एकूण हायड्रोजनपैकी ४० टक्के एका अंगाला बाहेर लोंबतो आहे. वाऱ्याला सामोऱ्या कडेवर वायू दाबला जाऊन काही काळ उलट जास्त तारेही जन्मू शकतात, हे सहसा कोणी लिहीत नाही.

दुसरी वाट संथ आहे. दीर्घिकेभोवतीचे विरळ वायूचे वेष्टन आधी निघून जाते, तबकडीला नवा पुरवठा बंद होतो आणि शिल्लक रेण्वीय वायूवर (ज्यातून तारे घडतात त्या थंड, दाट वायूवर) ती साधारण २०० कोटी वर्षे काढते. निळे, जड तारे अल्पायुषी. त्यांची जागा घेणारे जन्मले नाहीत की दीर्घिका लाल दिसू लागते. मोठ्या दीर्घिकांत मध्यवर्ती कृष्णविवरही तारानिर्मिती रोखू शकते, पण तो वेगळा विषय.

एक सूचना. अशा लेखासोबत नुसते रंगीत छायाचित्र छापले तर यातले काहीच दिसत नाही. शेजारी हायड्रोजन वायूतून येणाऱ्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरींचा नकाशा, त्याच मापात, द्यावा. नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण याच तरंगलांबीवर काम करू शकते, त्यामुळे मराठी वाचकाला तो नकाशा परका वाटू नये.

– एक वाचक, पुणे