नवोदयचे ‘मायग्रेशन’ वाचवा

संपादक महोदय,

पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचे दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले, या प्रश्नाचा विचार करायला डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती आली आणि आपल्या पत्रस्तंभात दोन्हीकडून भरपूर शाई खर्ची पडली. पहिलीतल्या पोरांवर तिसरी भाषा लादू नये, असेच माझेही मत आहे. पण ज्या शाळांत हिंदी आणि मराठी मुले वर्षभर एका खोलीत राहून एकमेकांची भाषा उचलतात, त्या शाळांबद्दल या वादात कुणी अवाक्षर काढले नाही, म्हणून हे पत्र.

मी मराठवाड्यातल्या एका जवाहर नवोदय विद्यालयाची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, माजी विद्यार्थिनी. १९८५-८६ मध्ये हरियाणातले झज्जर आणि आपली अमरावती अशा दोन शाळांपासून ही योजना सुरू झाली. सहावीची प्रवेश परीक्षा, ७५ टक्के ग्रामीण जागा, फुकट राहणे-जेवणे हे बहुतेकांना ठाऊक असते. मायग्रेशन मात्र नवोदयबाहेर फारसे कुणाला माहीत नाही. नववीतली ३० टक्के मुले वर्षभरासाठी हिंदी राज्यातल्या जोडशाळेत जातात आणि तिकडची मुले आपल्याकडे येतात.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शाळेतून उत्तर प्रदेशात गेलेल्यांत मी होते. पत्र्याच्या पेटीवर ऑइलपेंटने नाव, आत शेंगदाण्याची चटणी आणि घरून दिलेली आंतर्देशीय पत्रे. चटणी दिवाळीच्या आत संपली, कारण तिकडच्या मुली ती नुसतीच खायच्या. आम्ही गणपती बसवला, तेव्हा त्याच मुलींनी आरती वहीत उतरवून घेतली आणि ‘ळ’ म्हणता येईना म्हणून हसून हसून बेजार झाल्या. जानेवारीत धुके इतके दाट असे की पीटीच्या रांगेत पुढची मुलगी दिसायची नाही. वर्ग मग उन्हात, मैदानावर भरायचे. इतिहास-भूगोलाचे पेपर आम्ही हिंदीतून लिहिले. व्याकरणाच्या नावाने बोंब होती, पण सर लाल शाईने सुधारून द्यायचे, गुण कापायचे नाहीत. इकडे आमच्या शाळेत आलेली तिकडची मुले तोवर लेझीम शिकली होती आणि मेसमध्ये भाकरीसाठी भांडत होती. त्यांतला एक जण आज बँकेत अधिकारी आहे. माझ्याशी फोनवर अजून मराठीतच बोलतो, तेही आमच्या जिल्ह्याच्या हेलात.

परवा माजी विद्यार्थी मेळाव्याला शाळेत गेले. सोलरचे गरम पाणी, स्मार्ट बोर्ड, मुलींच्या वसतिगृहाला भक्कम कुंपण, सगळे छान वाटले. ‘आमच्या वेळी थंड पाण्याने आंघोळ करायचो’ असले कढ काढणाऱ्यांतली मी नाही, त्या आंघोळीत काही थोर नव्हते. सहावीला येणारी मुले आता बहुतेक क्लास लावून येतात, हे जरा खटकले. पण खरा धक्का नववीच्या वर्गात बसला. या वर्षी मायग्रेशनला कोण जाणार, असे विचारले तर हात वर झाले ते मोजकेच. शिक्षकांनी नंतर सांगितले, यादी लागली की फोन सुरू होतात, वैद्यकीय दाखले येतात, ओळखीपाळखी निघतात आणि नावे गळतात.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हे फोन करणाऱ्यांत आमच्याच बॅचचे लोक आहेत, ज्यांची मुले आज तिथे शिकतात. मायग्रेशनच्या आठवणींनी आमचा व्हॉट्सॲप ग्रुप दर रविवारी ओसंडून वाहतो आणि स्वतःच्या लेकरावर वेळ आली की ‘जेईईचा पाया कच्चा राहील’. मुलींच्या सुरक्षेची काळजी मला समजते, मीही आई आहे. पण आमचे आईवडील महिना महिना पत्राची वाट बघत बसायचे. आता फोन आहे, प्रवासात सोबत शिक्षक असतात. नववीच्या एका वर्षाने जेईई बुडते, हे तर मला मुळीच पटत नाही.

नवोदय विद्यालय समितीने दरवर्षी शाळानिहाय आकडे जाहीर करावेत. किती मुलांनी जायचे होते, किती गेली, किती मध्येच परतली आणि का, हे सगळ्यांना कळू द्या. वैद्यकीय दाखला जिल्हा रुग्णालयाचाच ग्राह्य धरावा. सहावीच्या प्रवेशावेळीच पालकांना बसवून मायग्रेशन समजावून सांगावे आणि ते सांगायला आम्हा माजी विद्यार्थ्यांना बोलवावे. मी यायला तयार आहे. आमच्या बॅचच्या ज्या मंडळींनी दाखले जोडले, त्यांनीही यावे. पालकांच्या प्रश्नांना त्यांनीच उत्तरे द्यावीत.

– एक माजी नवोदय विद्यार्थिनी, हडपसर, पुणे