पोपटी घरात करा, पण कोळशाची शेगडी बाहेरच राहू द्या

महोदय,

वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग-पेणकडे शेतात पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा-कोंबडी शिजवण्याचे, जाळ पेटतात आणि त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं, संसार डोंबिवलीत. ती छायाचित्रं बघून शहरातल्या रायगडकरांचा जीव कसा कासावीस होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, कोळशाची शेगडी घरात पेटवून कोंबडी भाजायची जी पद्धत आमच्या वसाहतीत पडत चालली आहे, तिची मला भीती वाटते.

गच्चीवर जाळ केला की वॉटरप्रूफिंगला तडे जातात आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्यांच्या घरात पाणी उतरतं. आमच्या सोसायटीने बंदी घातली ती योग्यच. मग शेगडी बाल्कनीत येते. ही बाल्कनी फक्त नकाशावर उरली आहे, प्रत्यक्षात ती सरकत्या काचा लावून हॉलला जोडलेली खोली आहे. त्यात थंडी आणि डास, म्हणून काचा बंद. गेल्या हिवाळ्यात आमच्याच मजल्यावर असं भाजणं चालू असताना घरातल्या सगळ्यांची डोकी दुखू लागली, धाकट्या मुलीला उलट्या झाल्या. पहिली फेरी खाऊन झाली होती, त्यामुळे त्यांना वाटलं कोंबडी बाधली. शेजारच्या काकूंनी सगळ्यांना आधी जिन्यात काढलं आणि दारं-खिडक्या उघडल्या, म्हणून निभावलं.

कोळसा लाल झाला, धूर थांबला की लोक निर्धास्त होतात. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, पण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून शरीराला ऑक्सिजन कमी पडतो; डोकं दुखणं आणि उलट्या ही त्याचीच लक्षणं. ‘आमच्याकडे चिमणी आहे’ असं सांगणाऱ्यांनी तिचा पाइप इमारतीबाहेर जातो का, ते बघावं. कित्येक घरांत ती तेल आणि वास गाळून तीच हवा परत खोलीत सोडते. घरातला स्प्लिट एसीही आतलीच हवा फिरवतो. आणि जेवणं झाल्यावर उबेसाठी शेगडी तशीच ठेवून झोपणं, हे तर कृपा करून कोणीही करू नये.

पोपटीतल्या कोंबडीला जाळ कधी लागतच नाही. ती बंद मडक्यात, शेंगांच्या आणि भांबुर्डा या सुवासिक रानवनस्पतीच्या पाल्याच्या ओलाव्यावर शिजते. बाहेरून हवी ती फक्त एकसारखी धग, आणि ती गॅसही देतो. मी जाड बुडाचं पातेलं घेते. तळाला भांबुर्ड्याचा पाला, तो मिळाला नाही तर कोबीची पानं आणि मूठभर ओव्याची पानं. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. कोंबडीच्या तंगड्यांना हाडापर्यंत चिरा देऊन आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, लिंबू चोळायचं, फ्रिजमध्ये मुरवायचं आणि केळीच्या पानात बांधून शेंगांवर ठेवायचं. बटाटे, अंडी कडेने. वरून पुन्हा शेंगा आणि पाला. पाणी थेंबभरही नको. झाकणाच्या कडेला कणीक लावून पातेलं तव्यावर ठेवायचं. पहिली दहा मिनिटं मध्यम आच, मग मंद आचेवर पाऊण तास. मातीचं मडकं थेट गॅसवर ठेवू नये, तडकतं.

गावाला मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र वाजलं की पोपटी झाली. घरात मी थर्मामीटर हाडाजवळच्या मांसात टोचते (हाडाला टेकू न देता) आणि 74 अंश सेल्सिअस आले की गॅस बंद करते. नुसत्या रंगावर विसंबू नये. आणखी एक, कच्ची कोंबडी सिंकमध्ये नळाखाली धुऊ नका. त्या शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात.

धुराचा वास हवाच असेल तर खिडकी सताड उघडून एकच लहानसा निखारा वाटीत घालून पातेल्यात ठेवावा, वर चमचाभर तूप सोडावं, तीन-चार मिनिटं झाकावं आणि निखारा लगेच पाण्यात विझवावा. शेतातल्या जाळाची चव याने येत नाही, हे मी मान्य करते. पण शेंगा तशाच मऊ होतात, आणि पाल्याचा वास केळीच्या पानातून कोंबडीत उतरतो.

माझी संपादकांना कळकळीची विनंती आहे. पोपटी, तंदुरी, बार्बेक्यू यांच्या पाककृती छापाल तेव्हा ‘कोळसा बंद जागेत पेटवू नये’ ही ओळ साहित्याच्या यादीच्याही आधी, ठळक अक्षरांत छापा. सोसायट्यांच्या सचिवांनीही गच्चीवरच्या बंदीची सूचना लावताना तिच्याखालीच काचा लावलेल्या बाल्कनीचं नाव घालावं.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)