रंगाआधी इंजिन धुवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या सुटीच्या छंदांत रेल्वे इंजिनाच्या छोट्या मॉडेलचे किट दिसले, आनंद झाला. नाशिक रोडला विजेच्या इंजिनांच्या मोटारी दुरुस्त होतात, कसारा घाटात इंजिने मागून गाडीला रेटा देतात. इथल्या मुलांना हा छंद लागायलाच हवा. पण ‘जोडणी झाली की लगेच फवारा मारा’ हा सल्ला पितळी किटचे वाटोळे करणारा आहे.

इंजिन आधी बिनरंगाचे नीट चालले पाहिजे. सांगाडा काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का ते पाहावे, गुण्या लावावा. वाफेच्या इंजिनात एका बाजूची क्रँकपिन (चाकावरची, जोडदांडा अडकवायची खुंटी) घड्याळाच्या १२ वर असेल तर दुसरीकडची ३ वर हवी, आणि हा ९० अंशांचा कोन प्रत्येक आसावर तंतोतंत तोच हवा. एका आसाचा जरा चुकला तरी चाकाच्या दर फेऱ्याला त्याच जागी आचका बसतो. मग लोक जोडदांड्याची (चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्याची) भोके कानशीने वाढवत बसतात. आचका जातो, दांडा मात्र कायमचा खुळखुळतो. कोन दुरुस्त करावा.

खरी गफलत धुण्यात होते. सोल्डरिंगच्या आम्लयुक्त फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायच्या रसायनाचा) अंश सांध्यात राहिला, तर काही आठवड्यांनी रंगाखालून हिरवट पुटकुळ्या वर येतात आणि खापर रंगाच्या डब्यावर फुटते. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने कानाकोपरा घासावा, मग भांड्यांच्या साबणाने धुऊन स्वच्छ पाण्यातून काढावे. उकळते पाणी कधीही नको. व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) चिमणी ७० अंशांना वितळणाऱ्या सोल्डरने बसवली असेल तर ती सुटून हातात येते. रात्रभर झाकून वाळवावे. त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नये. पितळेवर एच (etch) प्रायमरच, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारे अस्तरच मारावे, साधा प्रायमर नखानेसुद्धा निघतो.

नाशिकच्या श्रावणातल्या झडीत लॅकरचा फवारा मारूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतले पाणी धरते आणि काळा रंग राखट पांढरा होतो. कोरड्या हवेत उलटी अडचण: डबा फार लांब धरला की रंग वाटेतच सुकतो आणि बॉयलर पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. २० ते २५ सेंमी अंतर, पातळ तीन हात. डिसेंबरच्या सकाळी डबा पाच मिनिटे कोमट (गरम नव्हे) पाण्यात ठेवला की फवारा बारीक पडतो.

बफरच्या पट्टीचा (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीचा) लाल रंग पांढऱ्या अस्तरावर द्यावा, काळ्यावर तो विटकरी दिसतो. मास्किंग टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा हलका हात द्यावा. लाल रंग आत झिरपत नाही. आकड्यांचे स्टिकर चकचकीत वार्निशवरच लावावेत, मॅटवर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात.

आणखी एक. आपल्या ब्रॉडगेजच्या १,६७६ मिमीला ८७ ने भागले की सुमारे १९.३ मिमी येतात, तर एचओ (१:८७ प्रमाणाच्या मॉडेलचा) रूळ १६.५ मिमीचा असतो. भारतीय इंजिन करताना हा फरक आधीच ठरवून घ्यावा.

पुढच्या पुरवणीत धुण्याची आणि वाळवण्याची पायरी ठळक छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
नाशिक रोड