तळमजल्याचं घर घेतलंय

ती. आप्पा आणि ती. आईस, सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आप्पांनी "आवाज येत नाही" म्हणून ठेवून दिला असता. कॅम्पबेल बेचं नेटवर्क खरंच तसं, त्यामुळे मला भांडताही आलं नसतं.

साताऱ्यात तळमजल्याचं घर भाड्याने घेतलंय. अनामतही भरली. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण आप्पा, १९७७ साली पेन्शन घेऊन आल्यावर तुम्ही आजीला कुठे विचारलंत? माजी सैनिकांना ग्रेट निकोबारला जमीन मिळतेय म्हटल्यावर आईला आणि तान्ह्या मला घेऊन थेट जहाजात बसलात. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "एकाहत्तरच्या जमालपूरच्या लढाईतनं माघारी आलं पोरगं, आन् समुद्रापल्याड हरवलं."

रागावू नका. मार्चमध्ये तुम्ही सुपारीच्या बागेत पडलात आणि हवा खराब म्हणून दोन दिवस हेलिकॉप्टर उडालं नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत.

बाग विकायची गोष्ट मी काढलेली नाही, काढणारही नाही. पायाच्या जळवा उपटत तुम्ही जंगल साफ केलंत. २००४ च्या भूकंप-त्सुनामीत किनाऱ्याकडची जमीनच खचली, ती गेलीच. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ अजून पाण्यात आहे. उरलेल्या तुकड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये राहून, साठीला टेकलेल्या माणसाने पुन्हा रोपं लावली. ते मी विकेन होय? शेजारच्या सरदारजीकाकांचा धाकटा बघेल. नारळ त्याचे, सुपारीचे पैसे निम्मे-निम्मे.

आई, बाळूला सोडून कशी येऊ, असं तू म्हणशील. त्यावर मी काही लिहीत नाही. दरवर्षी २६ डिसेंबरला मी तुला तिकडे घेऊन जाईन, एवढंच.

इथे जिना नाही. ज्वारी ताजी मिळते, मागच्या अंगणात चूल मांडू. जहाज चुकलं म्हणून आठवडाभर बटाटा खावा लागणार नाही. माजी सैनिकांचा दवाखाना रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि डॉक्टर मराठी बोलतात. "घुटना, घुटना" करत आईला तिचं दुखणं कधी नीट सांगताच आलं नाही. आप्पा, कमोड आहे. तोंड वाकडं करू नका.

परवा रात्री गलाथियाच्या किनाऱ्यावरची कासवं आठवली. मी तुमच्या खांद्यावर होते. अंडी घालताना एका मादीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते बघून मी रडायला लागले. मग तिथेच वाळूत बसून तुम्ही तुमच्या जंगी पलटणीची, जमालपूरच्या लढाईची गोष्ट सांगितलीत. जिच्यात कुणीच मरत नाही, ती. खरं काय झालं होतं ते मला फार नंतर कळलं, आप्पा.

आता ऐका. माडावर चढायचं नाही, "दोनच नारळ" म्हणूनसुद्धा नाही. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची. जहाजाच्या तिकिटांचे पैसे सरदारजीकाकांच्या पोराकडे पाठवलेत, पोर्ट ब्लेअरला मी स्वतः घ्यायला येते. पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक आणि मेडलं हातातल्या पिशवीत ठेवा, ट्रंकेत नको. आई, लोणच्याची बरणी आणू नकोस, वाटेत सांडते.

बरं, छोटी आण.

तुमची,
मंगी