जुन्या रायफलीला रंगरंगोटी नको

महोदय,

नागपुरातील एका संस्थेच्या दालनात दुसऱ्या महायुद्धातील जपानी आरिसाका रायफल आहे. तिचा दस्ता अलीकडे पॉलिश पेपरने घासून त्यावर चकचकीत व्हार्निश चढवलेले पाहून वाईट वाटले. १९३९ सालच्या, ७.७ मिमीच्या या ‘टाइप ९९’ बनावटीच्या लाकडावर मुळात उरुशी हा झाडाच्या चिकाचा लेप असे. तो खरवडला की गेलाच. दस्त्यावरील लांबट सांधा ही भेग नव्हे, दोन तुकडे जोडून दस्ता करण्याची ती जपानी पद्धतच होती. येथे मात्र त्यात सुताराने इमानेइतबारे लांबी (पुट्टी) भरली आहे! शरणागतीनंतर अनेक रायफलींवरील सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह घासून टाकले गेले, तसा ओरखडा येथेही दिसतो. तेथे नवे फूल कोरण्याचा बेत असल्याचे कानावर आले. तो कृपया सोडून द्यावा. गंजासाठी हलके तेल, मऊ कापड आणि धीर एवढे पुरते. पुढील काम अजब बंगल्यातील (नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील) जाणकारांना विचारूनच करावे आणि शस्त्र परवान्याची कागदपत्रेही एकदा तपासून घ्यावीत.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर